मुक्कामी गाड्यांचं काय केलं?

मोह वेचायला उशिरा गेलेल्या माणसाच्या वाट्याला फक्त वास येतो. फुलं पहाटेच्या अंधारात टपटपायला लागतात आणि ऊन चढायच्या आत उचलली नाहीत तर ढोरं खातात, नाहीतर शेजारी. 2019 च्या पाडव्याला, म्हणजे 6 एप्रिलला, मी आणि बाबूजी, म्हणजे माझे वडील, पहाटे चार वाजता आमच्या धुऱ्यावरच्या मोहाखाली उकिडवे बसलो होतो. भंडारा जिल्ह्यातला हा आमचा तुकडा: चार बांध्या (धानाची खाचरं), एक बोडी (लहान तळं) आणि धुऱ्यावर आजोबांच्याही आधीपासून उभा असलेला हा मोह. खालचा पाला बाबूजींनी आठवड्यापूर्वीच झाडून ठेवला होता. बॅटरीच्या उजेडात फुलं लहान द्राक्षाएवढी दिसतात, फिकट पिवळी. बोटांना चिकटतात. दहा-पंधरा मिनिटांनी बोटं एकमेकांना चिकटायला लागली की बाबूजी मातीत हात घासतात आणि पुन्हा सुरू होतात.

माझं अर्धं लक्ष टोपलीत होतं आणि अर्धं मोबाईलमध्ये.

विमानं कुठून कुठे चाललीत ते दाखवणारं एक ॲप असतं. मला त्याचं व्यसन आहे. आमचं आभाळ तसं मोक्याचं. नागपूर देशाच्या पोटात, त्यामुळे दिल्ली-चेन्नई म्हणा, मुंबई-कोलकाता म्हणा, सगळ्या वाटा आमच्या डोक्यावरून. गावात एस.टी. दिवसातून तीनदा येते, पण वरून तासाला कितीतरी जातात. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपलो की मी लुकलुकणारा दिवा बघून ॲपात नाव शोधतो आणि बाबूजींना सांगतो, हे बंगलोरहून दिल्लीला चाललं. ते म्हणतात, "जाऊ दे." पण थोड्या वेळानं स्वतःच विचारतात, "थो दुसरा कोन्ता?"

बाबूजींचा आणि वाहतुकीचा संबंध जन्माचा. एकोणतीस वर्षं ते एस.टी.त होते. आधी कंडक्टर, मग तालुक्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक. लोक नुसतं 'कंट्रोलर' म्हणायचे. विमानात ते आयुष्यात बसले नाहीत. तरी विमानांची एक गोष्ट त्यांना पाठ आहे, नागपूरच्या रात्रीच्या टपालाची. 1949 साली ही सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चार दिशांनी रात्री चार विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि आपापल्या गावाला परतायची. कलकत्त्याचं पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत. बाबूजींच्या लेखी यात नवल काही नाही. "हे तं क्रॉसिंग झालं. आपल्या गाड्या नाई का करत?" असं म्हणून ते भारतीय हवाई टपालाचा इतिहास निकालात काढतात.

तर त्या पाडव्याच्या पहाटे मी जे बघत होतो ते इस्तंबूल होतं.

त्या शहराचं अतातुर्क विमानतळ वर्षाला सहा कोटींच्या वर माणसं हाताळायचं. जागा संपली, चारही बाजूंनी शहर चिकटलं. तीसेक किलोमीटरवर काळ्या समुद्राच्या बाजूला नवं बांधलं. 2018 च्या ऑक्टोबरात त्याचं उद्घाटन झालं, तिथून थोडी विमानंही उडायला लागली, पण खरा संसार जुन्या घरातच होता. तो हलवायला त्यांनी 45 तास मुक्रर केले: 5 एप्रिलच्या पहाटे तीनपासून 6 च्या मध्यरात्रीपर्यंत. सामान 47 हजार टनांच्या वर. विमान ढकलणारी चव्वेचाळीस टनांची धुडं, जिने, सामानाचे पट्टे, काचेची नाजूक यंत्रं, सगळं ट्रेलरवर लादून, मधला रस्ता इतरांसाठी बंद करून. आणि त्यात बारा तास असे की, 6 तारखेच्या रात्री दोनपासून दुपारी दोनपर्यंत, दोन्ही विमानतळांवर प्रवासी विमान नाही. दीड कोटीच्या शहराला बारा तास आपला मुख्य विमानतळच नाही. तो मधे कुठेतरी रस्त्यावर आहे, ट्रकात.

त्यांचे रात्रीचे दोन म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. जुन्या जागेवरून प्रवासी घेऊन निघायचं शेवटचं विमान सिंगापूरचं होतं. मी टोपली बाजूला ठेवून बाबूजींना हे सगळं सांगितलं. टन, ट्रेलर, तास. वाटलं, डोळे विस्फारतील. ते हातातली फुलं टोपलीत टाकत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "अन् मुक्कामी गाड्यांचं काय केलं मंग त्यायनं?"

मला हसू आलं. दुसऱ्या क्षणी ते गेलं, कारण प्रश्न बरोबर होता, आणि मी वाचलेल्या एकाही बातमीत तो कोणी विचारला नव्हता.

ज्यांच्या गावाला एस.टी. नव्हती किंवा आता उरली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळची शेवटची फेरी करून खेड्यातच थांबणारी गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच ग्रामपंचायतीच्या खोलीत किंवा शाळेच्या ओट्यावर झोपतात आणि पहाटे तीच गाडी भरून तालुक्याला आणतात. दवाखाना, कोर्ट, कॉलेज, दुधाचे कॅन, सगळं त्या गाडीनं. आता बघा: स्टँड रात्रीतून हलला, तर आदल्या संध्याकाळी जुन्या स्टँडवरून गेलेली गाडी सकाळी येणार कुठे? विमानांचंही तेच. ज्या रात्री इस्तंबूल हललं त्या रात्री त्यांची कितीतरी विमानं दुसऱ्या देशांत होती. ती निघाली एका अंगणातून, उतरायची दुसऱ्या. जागेवरचं सामान ट्रकात घालता येतं. रस्त्यावर असलेल्याला निरोपच पोचवावा लागतो.

बाबूजींनी हा प्रश्न विचारला कारण एकदा तो निरोप त्यांच्याकडून राहिला होता.

साल 1998, नोव्हेंबर. मी नववीत. आमच्या तालुक्याचा स्टँड गावाच्या मधोमध होता. एका अंगाला सरकारी दवाखाना, दुसऱ्या अंगाला कोर्ट आणि मागे बाजार ओळ. गाडी वळवायची तर एक माणूस पाठीमागे "आन दे, आन दे" करत उभा लागायचा. म्हणून अडीच किलोमीटरवर, बायपासला, नवा स्टँड झाला. बारा फलाट, फरशी, मुतारीला दार. हलवायचं एका रात्रीत ठरलं. का, तर माईक एकच होता.

हे गमतीनं सांगत नाहीये. लोक विचारतात की एवढं मोठं विमानतळ हळूहळू का नाही हलवत, आज दहा विमानं, उद्या वीस. कारण माईक एकच असतो. जिने तेच, विमान ढकलणारी वाहनं तीच, माणसं तीच. एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसणारा प्रवासी तोच, त्याला एक पाय इथे आणि एक तीस किलोमीटरवर ठेवून चालत नाही. रात्रीचं शेवटचं विमान निघेपर्यंत सगळं जुन्या जागी लागतं आणि सकाळच्या पहिल्या विमानाला सगळं नव्या जागी. मधल्या चार-सहा तासांत काय ती पळापळ.

आमची शेवटची गाडी रात्री पावणेअकराची, नागपूरहून येऊन गोंदियाकडे जाणारी. ती गेली आणि बाबूजींनी माईक उघडला. मी मदतीला होतो, म्हणजे मध्ये मध्ये करत होतो. माझ्याकडे पाट्या दिल्या होत्या. गाडीच्या समोर लावतात त्या पत्र्याच्या पाट्या. तुम्ही एस.टी.त हजारदा बसला असाल, पण पाटी कधी हातात धरली नसेल. ती दिसते त्यापेक्षा जड असते. कडा कापतात, माझ्या उजव्या अंगठ्यावर अजून बारीक पांढरी रेघ आहे. वर ऑईलपेंटचे इतके थर की अक्षरं बोटाला लागतात, डोळे मिटून वाचता येतील. आणि तिला दोन बाजू असतात. एका बाजूला जायचं गाव, उलटी केली की आपलं गाव. मी दीडेकशे पाट्या मार्गाप्रमाणे लावून सुतळीनं बांधत होतो: साकोली, तुमसर, पवनी, लाखांदूर. थोड्या वेळानं लक्षात आलं की मागच्या बाजूनं बघितलं तर सगळ्या गठ्ठ्यावर एकच नाव आहे, आमच्या तालुक्याचं. स्टँड हलला तरी ती बाजू रंगवावी लागणार नव्हती.

ट्रकात फळा गेला, लॉगशीटचे गठ्ठे गेले, बाकडी गेली, पाण्याचा रांजण गेला आणि चढवतानाच फुटला. रसवंतीवाला म्हणाला, मी सकाळी बघतो. कँटीनवाला आधीच गेला होता. पहाटे साडेचारला नव्या स्टँडवर सगळं लागलं, माईक "हॅलो हॅलो" करून झाला आणि बाबूजींनी चहाचा कप तोंडाला लावता लावता मुक्कामी गाड्यांचे कंडक्टर मोजले. नऊ गाड्या. आठ जणांना आदल्या दिवशी स्वतः सांगितलं होतं: सकाळी सरळ बायपासला. नववा रजेवर गेला होता, त्याच्या जागी ऐनवेळी दुसरा चढला होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मोबाईल कोणाकडे नव्हता, त्या गावात फोन नव्हता, आणि ही गाडी सर्वांत जवळच्या गावची, म्हणून रोज सगळ्यांत आधी, सहाच्या ठोक्याला यायची.

बाबूजींनी सायकल काढली. मी कॅरिअरवर.

जुना स्टँड सहाच तासांपूर्वी सोडला होता. तिथली वीज तोडलेली. एक कुत्रं फलाटावर पसरलं होतं, रोज तिथे त्याला कोणी झोपू देत नसे. आम्ही फाटकात उभे राहिलो, बाबूजींच्या हातात बॅटरी. सहाला पाच कमी असताना कोपऱ्यावर भोंगा वाजला. बाबूजींनी बॅटरी हलवली, हात हलवले, ओरडले. ड्रायव्हरला वाटलं कंट्रोलर साहेब हात करून राहिले. त्यानंही हात केला, गाडी फाटकातून आत घेतली, रोजच्यासारखा मोठा वळसा मारला आणि दोन नंबरच्या फलाटाला पाठ लावून उभी केली. तोवर दिव्याचा झोत समोरच्या भिंतीवर फिरून गेला. वेळापत्रकाचा फळा काढला तिथे भिंतीचा चौकोन कोरा करकरीत होता.

ड्रायव्हर खाली उतरला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "का जी, लाईन गेली का?"

अंधार म्हणजे वीज गेली, यापलीकडे त्याच्या डोक्यात काही येणं शक्यच नव्हतं. अठरा वर्षं तो त्याच फलाटाला गाडी लावत होता.

बाबूजींनी सांगितलं. मग प्रवाशांना सांगितलं की बसून राहा, गाडी नव्या स्टँडला जाते. प्रवासी उतरायला लागले. दूधवाल्याचं डेपोचं गिऱ्हाईक बाजार ओळीत. दोन पेशंट होते, दवाखाना समोर. एका बाईच्या टोपलीत वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, ती म्हणाली, "थ्या रस्त्यावर कोन घेते माही भाजी? मी कायले येऊ तिकडं?" एक मास्तर तेवढे खिडकीशी बसून होते, त्यांनाही वाटलं आपण एकटेच कसे, तेही उतरले. तीन मिनिटांत गाडी रिकामी.

सायकल टपावर टाकली आणि आम्ही दोघं चढलो. गाडी चालू झाली तसे बाबूजी कंडक्टरला म्हणाले, "याचं तिकीट फाड." कंडक्टर हसला. बाबूजी हसले नाहीत. पास त्यांचा होता, माझा नव्हता. पहिल्या टप्प्याचं तिकीट फाडलं गेलं, पैसे बाबूजींनी दिले.

नव्या स्टँडवर तिथल्या दुकानदारांनी पहिल्या गाडीच्या स्वागताला हार, नारळ आणि पेढे आणले होते. एक फोटोग्राफरही होता. गाडी आत आली, फटाक्यांची लड लागली, ड्रायव्हरच्या गळ्यात हार पडला, आणि दार उघडलं तर आतून उतरलो मी, अंगठ्याला चिंधी बांधलेला. मागून कंट्रोलर साहेब. पेढ्याचा बॉक्स धरलेला माणूस आमच्या पाठीमागे कोणी आहे का ते वाकून बघत होता. कागदोपत्री आमच्या तालुक्याच्या नव्या बसस्थानकाचा पहिला प्रवासी मी आहे. ते तिकीट बाबूजींनी कुठेतरी ठेवलं होतं, नंतर सापडलं नाही.

त्याच वर्षी जुलैत हाँगकाँगचं विमानतळ हललं होतं, हे मला फार नंतर कळलं. काई टाक म्हणजे दाट वस्तीत शिरलेलं. उतरताना वैमानिक टेकडीवर रंगवलेला लाल-पांढरा चौकटीचा पट बघून उजवीकडे वळायचे आणि घरांच्या गच्च्यांवरून धावपट्टीला टेकायचे. आमचा "आन दे, आन दे" म्हणणारा माणूस तिथे टेकडीवर रंगवून ठेवलेला होता, एवढंच. 6 जुलैला मध्यरात्रीनंतर दोन मिनिटांनी लंडनचं शेवटचं विमान निघालं. मग तिथे रात्रीच्या वस्तीला असलेली विमानं एकेक करून रिकामीच नव्या ठिकाणी उडाली, आणि नागरी विमान खात्याच्या प्रमुखांनी मनोऱ्यातून काई टाकचा निरोप घेऊन, आभार मानून धावपट्टीचे दिवे मालवले. सकाळी नव्या जागी, चेक लाप कोकला, पहिली विमानं उतरली. इथवर सगळं सुरेख. घोटाळा झाला तो मालाचा. मालधक्क्याची संगणक यंत्रणा कोसळली, पेट्या कुठल्या फळीवर आहेत ते कोणाला सापडेना. शेवटी जुन्या काई टाकचा मालधक्का पुन्हा उघडावा लागला, आणि गाडी रुळावर यायला कित्येक आठवडे गेले.

हे बाबूजींना सांगितल्यावर मात्र ते खुलले. कारण आमच्याकडेही पार्सलच बुडालं होतं. पानाच्या दोन करंड्या जुन्या पार्सल खोलीत राहून गेल्या. खोलीला कुलूप, किल्ली बाबूजींच्याच खिशात, आणि पानठेलेवाला नव्या स्टँडवर रोज विचारतोय, "का जी, माहे पानं?" तिसऱ्या दिवशी खोली उघडली तेव्हा वासावरूनच कळलं. भरपाई बाबूजींनी पगारातून दिली. त्यांचं म्हणणं असं, "मानूस चुकला तं कोनाले तरी इचारते. पानाची करंडी कोनाले इचारन?" हाँगकाँगचा चौकशी अहवाल मी वाचलेला नाही, पण त्यात याहून वेगळं काही निघालं असेल असं मला वाटत नाही.

आमच्या घराण्यात मोठं स्थलांतर प्रत्यक्ष पाहिलेला अजून एक जण आहे, माझा मावसभाऊ. तो बंगलोरला विमानतळावर जमिनीवरच्या कामात होता. 2008 च्या मे महिन्यात, 23 आणि 24 च्या मधल्या रात्री, तिथली प्रवासी विमानं जुन्या एचएएलच्या धावपट्टीवरून देवनहळ्ळीला गेली. ते सहज झालेलं नाही. उद्घाटनाची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली, मार्चमध्ये बंगलोरचं जुनं आणि हैदराबादचं बेगमपेठ बंद करायच्या विरोधात विमानतळ कर्मचाऱ्यांचा संप झाला, प्रकरण कोर्टात गेलं. पण नव्या विमानतळाशी करारच असा की दीडशे किलोमीटरच्या आत दुसरं नको; जुनं बंद झाल्याशिवाय नवं चालणार नव्हतं. भाऊ त्या रात्री ट्रेलरच्या केबिनमध्ये बसून चाळीसेक किलोमीटर गेला, मागे त्याचा टग, म्हणजे विमान ढकलणारं वाहन, बांधलेला. म्हणतो, अर्ध्या वाटेत भीती वाटली ती वेगळीच. रोज ड्युटी संपली की चालत खोलीवर जायचा. आता खोली जुन्या ठिकाणी आणि नोकरी चाळीस किलोमीटरवर, आणि हे त्याच्या डोक्यात त्या ट्रेलरमध्ये बसेपर्यंत आलंच नव्हतं. त्याच मार्चमध्ये लंडनला हीथ्रोचं पाचवं टर्मिनल उघडलं, तर पहिल्या दिवशी कामावरच्या लोकांनाच गाडी लावायची जागा सापडेना. तिथून बॅगा तुंबल्या त्या हजारोंनी, विमानं रद्द. सगळ्या जगात यंत्रं वेळेवर पोचतात आणि ती चालवणारा माणूस पार्किंग शोधत असतो.

हा भाऊ आता मुंबईकडे आहे. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली. उलव्याची टेकडी कापून, नदीचं पात्र वळवून केलेली जागा. पण मुंबईनं घर हलवलेलं नाही, वाटणी केली. जुनं आहे तसं चालू, नव्याला तिकिटावर वेगळी अक्षरं. भाऊ सांगतो की सामान घेऊन चुकीच्या दारात उभा राहिलेला माणूस त्याला आठवड्यातून एकदा तरी भेटतो. मी म्हटलं, पाटी नीट वाचत नाहीत. तो म्हणाला, पाटी वाचतात रे, पण मुंबई म्हटलं की पाय आपोआप अंधेरीला वळतात.

पाटीवरून पुन्हा इस्तंबूल. विमानतळांना तीन अक्षरांचं नाव असतं. तिकिटावर, बॅगेच्या चिठ्ठीवर तेच. इस्तंबूलचं 'आयएसटी' कित्येक वर्षं अतातुर्कचं होतं. त्या पहाटे, त्यांच्या घड्याळात तीन वाजता, ते त्याच्याकडून काढून नव्याला दिलं आणि जुन्याला 'आयएसएल' असं एक अक्षर बदललेलं नाव चिकटवलं. हाँगकाँग, बंगलोर, हैदराबाद, सगळीकडे असंच झालं, जुनी अक्षरं नव्या जागेला. कारण उघड आहे. जगभर विकलेल्या तिकिटांवर जे छापलंय ते बदलत बसण्यापेक्षा नावच उचलून नव्या जागी ठेवलेलं सोपं. आमच्या पाटीच्या मागच्या बाजूसारखं. आपले साडेपाच झाले होते. पूर्वेला फटफटत होतं, टोपली काठोकाठ झाली होती, प्रचाराची पहिली रिक्षा गावात शिरल्याचा आवाज येत होता (पाच दिवसांवर मतदान होतं), आणि तिकडे एका जागेचं नाव निघून दुसरीकडे चाललं होतं.

तोंडातलं नाव असं हलत नाही, ते अनुभवानं सांगतो. आमच्या 'नव्या' स्टँडला आता पंचवीस वर्षं उलटली. फरशी उखडली, मुतारीचं दार गेलं, तरी तो नवा स्टँडच. आणि जिथे एकही एस.टी. थांबत नाही ती जागा जुना स्टँड. ऑटोवाला विचारतो, "कोन्ता स्टँड?" बाहेरच्याला वाटतं गावात दोन आहेत. पहिल्या वर्षी लोक गाडी थांबवून जुन्या स्टँडवरच उतरायचे. दुसऱ्या वर्षी तिथे काळीपिवळ्या लागायला लागल्या, फलाट दोनवरूनच, "चला साकोली, साकोली". आमच्या गाड्या बायपासला अर्ध्या रिकाम्या. बाबूजींनी तेव्हा खूप अर्ज लिहिले. बँकॉकनंही 2006 च्या सप्टेंबरात सगळा कारभार सुवर्णभूमीला नेला आणि सहा महिन्यांत, पुढच्या मार्चमध्ये, देशांतर्गत विमानं पुन्हा जुन्या डॉन म्युआंगला आणली. आज तिथे स्वस्तातल्या विमानांची गर्दी असते. म्हणजे काळीपिवळ्याच. हे बाबूजींना त्या वेळी सांगता आलं असतं तर एखादा अर्ज कमी लिहिला असता.

पाडव्याच्या सकाळी घरी येऊन गुढी उभारली. कडुनिंब, आंब्याचा डहाळा, गाठी. गाठीतलं एक पदक मी तिथेच तोडून खाल्लं म्हणून आईची बोलणी खाल्ली. दुपारी जेवून सगळे पडले. अंगणात मोह पसरला होता; सुकताना त्याचा वास जड होतो, ज्याला सवय नाही त्याचं डोकं धरतं. चार वाजता बाबूजी त्यात हात फिरवायला बसले. फुलं एका अंगावर राहिली की खालून काळी पडतात, म्हणून तासातासानं उलटावी लागतात.

नव्या विमानतळावरून प्रवासी विमानांचा धडाका सुरू व्हायचा तो त्यांच्या दुपारी दोनला, आपल्या साडेचारला. पहिलं विमान अंकाऱ्याचं, तासाभराचा प्रवास. आपल्याकडचं नागपूर-मुंबई समजा. मी मोबाईल घेऊन बाबूजींच्या शेजारी ओट्यावर बसलो. त्यांना सकाळच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, की बाहेर गेलेली विमानं सरळ नव्या जागीच येऊन उतरणार, सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "सगळ्यायले?" मी म्हटलं, हो. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

साडेचार झाले. चार-पाच मिनिटं वर गेली. मग नकाशावर समुद्राच्या काठाला एक पिवळा ठिपका सुटा झाला आणि हळूच दक्षिणेला वळला.

"निघाली," मी म्हणालो.

बाबूजींनी चिकट हात धोतराला पुसला, मोबाईल घेतला, डोळ्यांपासून लांब धरून ठिपका बघितला.

"भरून हाय का रिकामी?"

ॲपात ते दिसत नाही, मी सांगितलं. त्यांनी मोबाईल परत दिला आणि मोह उलटायला घेतला.